आपण कोणापैकी?

आपल्याकडे नवा माणूस भेटला की नावापाठोपाठ प्रश्न येतो, "म्हणजे कुठले? कोणापैकी?" त्याचा उलगडा होईपर्यंत चहाचं आधणसुद्धा ठेवत नाहीत. एका कंपनीची पगाराची जुनी प्रणाली माझ्या गळ्यात पडली, तेव्हा कळलं की ही चौकशी जावातही चालते. तिथे तिला 'इन्स्टन्सऑफ' म्हणतात.

कायम कर्मचारी का? पगार असा काढा. कंत्राटी का? मग तसा. रोजंदारीवर? हजेरी बघा. 'इफ-एल्स'ची ही शिडी पगाराच्या फाइलीत, भविष्य निर्वाह निधीच्या फाइलीत, भत्त्यांच्या फाइलीतही. वर कॉमेंट : 'तात्पुरतं. नंतर काढणे.' लिहिणारा केव्हाच ऑस्ट्रेलियाला जाऊन स्थायिक झालेला.

भत्त्यांच्या शिडीतला शेवटचा 'एल्स' तर कोणाला काही विचारतच नव्हता. सगळे संपल्यावर उरला तो संचालकच असणार, असं धरून त्याने गाडीभत्ता मांडलेला. पुढे 'प्रशिक्षणार्थी' हा नवा प्रकार आला. पगाराच्या शिडीत त्याची पायरी बसवली, भत्त्यांच्या शिडीत राहून गेली. कंपायलरने हूं की चूं केलं नाही. त्या महिन्यात पीएमपीच्या पासवर येणाऱ्या पोरांच्या खात्यात गाडीभत्ता जमा झाला. एकाचीही तक्रार नाही!

यावरचा उतारा नॉर्वेत ओले-योहान दाल आणि क्रिस्टन नीगोर यांनी १९६७ सालीच, 'सिम्युला ६७' या भाषेत काढून ठेवला होता. ऑब्जेक्टला कूळ विचारू नका, काम सांगा. 'पगार काढ' एवढंच म्हणायचं. कसा काढायचा ते ज्याच्या त्याच्या क्लासला ठाऊक. याचंच भारदस्त नाव पॉलिमॉर्फिझम. मूळ क्लासात 'भत्ता' ही मेथड ॲबस्ट्रॅक्ट ठेवली, की प्रशिक्षणार्थीचा भत्ता लिहायला विसरणाऱ्याला कंपायलर दारातच अडवतो.

आमच्यातल्या एका उत्साही तरुणाने मग 'हो' आणि 'नाही' यांचेही क्लास पाडले. त्याला हसायचीही सोय नाही. स्मॉलटॉकमध्ये 'ट्रू' आणि 'फॉल्स' खरोखरच वेगवेगळ्या क्लासांतले असतात.

मात्र प्रकार ठरलेले आणि रिपोर्ट रोज नवे असतील, तर प्रत्येक रिपोर्टपायी सगळे क्लास उघडत बसावं लागतं. तिथे मला शिडीच बरी वाटते. २०२३ च्या जावा २१ ने 'स्विच'मध्ये प्रकार तपासायची रीतसर सोय केली. प्रकार 'सील्ड' असतील तर राहिलेली पायरीही कंपायलर दाखवतो. आमची प्रणाली अजून जावा ८ वर. आवृत्ती बदलू या म्हटलं, की वरून उत्तर येतं, "चालतंय ना? मग हात लावू नका."

चालतंय तर. प्रशिक्षणार्थींना विचारा.