रनटाइम एररचे निवारण : मुर्री पद्धत

प्रोग्रॅम चालता चालता बंद पडला की सर्वप्रथम जबाबदारी निश्चित करावी. कारण शोधायला अख्खा हंगाम पडला आहे. मुर्रीत या जबाबदारीचा क्रम ठरलेला आहे. आधी लाइन, मग व्हायरस, मग कॉम्प्युटरला शेवटचा हात लावणारा पोरगा. यातलं कोणीच कबूल झालं नाही तर प्रोग्रॅम लिहिणारा. तो गोंदियात असेल तर फोनवर सापडतो, पुण्याला गेला असेल तर दिवाळीत.

इथे प्रोग्रॅम कशाला म्हणतात, तेही सांगून ठेवतो. गोंदियाला खेटून असलेल्या मुर्रीत प्रोग्रॅम म्हणजे राइस मिलच्या ऑफिसातली एक्सेलची फाइल आणि तिच्यात शेठजींच्या भाच्याने इंजिनिअरिंगच्या सुट्टीत बसवलेला मॅक्रो. भाचा पुढे पुण्याला नोकरीला लागला, मॅक्रो मिलमध्येच राहिला. तो कट्टे मोजतो, उतारा काढतो आणि ऐन डिसेंबरात पडद्यावर एक चौकोन आणून त्यात ‘रन-टाइम एरर’ आणि एक आकडा दाखवतो. सदर मार्गदर्शिका त्या आकड्यासाठी आहे.

चौकोन दिसताच तो बंद करू नये. ही सूचना कोणी पाळत नाही हे ठाऊक असूनच लिहिली आहे. चौकोनावर ‘एंड’ आणि ‘डिबग’ अशी बटणं असतात. ‘डिबग’ दाबलं की जिथे काम अडलं ती ओळ पिवळी होऊन समोर येते. इतकी सोय पोलीस तपासातही नसते. तरी मुनीमजींचं बोट ‘एंड’वरच जातं आणि मग पुण्याला फोन लागतो : “काहीतरी इंग्लिशमधी आला होता जी, मी बंद करून टाकलो.” त्या ‘काहीतरी’त आकडा होता, आकड्यापुढे कारणाचं वाक्य होतं, आणि दोन्ही आता गेलेले आहेत. मोबाइलने फोटो काढायला दोन सेकंद लागतात. लग्नात ताटाचा फोटो काढणाऱ्याला हे अवघड जाऊ नये.

आता प्रत्यक्ष आकडे. सुरुवात एरर ६, ओव्हरफ्लो, याने करावी, कारण धानाच्या जिल्ह्यात त्याला मरण नाही. व्हीबीएमध्ये, म्हणजे मॅक्रोच्या भाषेत, ‘इंटिजर’ म्हणून मांडलेली पेटी १६ बिटांची असते आणि तिच्यात ३२,७६७ च्या वरचा आकडा बसत नाही. भाच्याने मॅक्रो लिहिला मे महिन्यात. तेव्हा मिलच्या अंगणात जेमतेम ३०० कट्टे असतील. हंगाम रंगात आला, वर्षाची बेरीज ३२,७६८ वर पोचली आणि काम थांबलं. गोदामात जागा आहे, पेटीत नाही. उपाय सोपा : ‘इंटिजर’ खोडून ‘लाँग’ लिहावं. त्यात २१४ कोटींच्या वरचा आकडा मावतो. तितके कट्टे झाले तर शेठजींनी नवा प्रोग्रॅम विकतच घ्यावा.

पण लाँग लिहून निश्चिंत झोपू नये. एका कट्ट्यात ४० किलो, कट्टे ९००, म्हणून कोणी सरळ ४० गुणिले ९०० असं लिहिलं, तर उत्तराची पेटी लाँग असूनही एरर ६ येतो. दोन्ही आकडे इंटिजर आहेत, म्हणून व्हीबीए गुणाकारही आधी इंटिजरमध्येच करू पाहते आणि ३६,००० तिथेच सांडतात. मोठी पेटी पुढे रिकामी वाट बघत बसते. दोघांपैकी एका आकड्याला गुणाकाराआधीच लाँग करून घ्यावं. ही गोष्ट माहीत नसलेला माणूस पेटी वाढवत बसतो आणि रात्र काढतो.

शेठजी फारच तापले तर त्यांना ४ जून १९९६ ची हकिकत सांगावी. त्या दिवशी फ्रेंच गयानातल्या कुरूहून एरियान ५ हे रॉकेट पहिल्यांदाच उडालं. साधारण ३७ सेकंदांनी त्याच्या दिशादर्शक संगणकाने ६४ बिटांचा एक आकडा १६ बिटांत कोंबायचा प्रयत्न केला. मर्यादा तीच, ३२,७६७. आकडा मावला नाही, संगणक बंद पडला. राखीव संगणकही होता, पण त्यातही तोच प्रोग्रॅम असल्यामुळे तोही त्याच कारणाने बंद पडलेला होता. रॉकेट वाकडं होऊन फुटलं. कोडचा तो तुकडा जुन्या एरियान ४ मधून जसाच्या तसा उचललेला होता आणि तिथे तो आकडा कधी एवढा वाढतच नव्हता. म्हणजे तिथेही भाचा मे महिन्यातच बसला होता. शेठजींना याने समाधान होत नाही, पण तेवढ्यात चहा येतो.

एरर ११, शून्याने भागाकार. सरकारी धान भरडाईला आलं की क्विंटलमागे ६७ किलो कच्चा तांदूळ परत करावा लागतो. त्यामुळे उतारा हा मिलचा जीव. तांदूळ भागिले धान, गुणिले शंभर. ज्या दिवशी धान आलं नाही, पण कालच्या भरडाईचा तांदूळ आज तोलला गेला, त्या दिवशी खाली शून्य येतं आणि एरर ११ दिसतो. इथवर सगळं रीतसर आहे.

पोळ्याच्या दिवशी मात्र रीत मोडते. मिल बंद, धान शून्य, तांदूळ शून्य. शून्याला शून्याने भागलं की व्हीबीए एरर ११ देत नाही, एरर ६ देते. अंगण झाडून ठेवलंय, एक दाणा आत आलेला नाही, आणि कॉम्प्युटर सांगतो की मावत नाही! यावर मुनीमजी व्हायरसचं निदान करतात आणि त्यांना दोष देता येत नाही. खरं असं आहे की पाचाला शून्याने भागणं आणि शून्याला शून्याने भागणं हे प्रोसेसरच्या लेखी दोन निराळे गुन्हे आहेत. पहिल्यात उत्तर अनंताकडे पळतं, दुसऱ्यात उत्तर ठरतच नाही. व्हीबीएने दुसऱ्या गुन्ह्याची नोंद ओव्हरफ्लोच्या खात्यात टाकली, इतकंच. उपाय दोन्हीला एकच : भागण्याआधी धान शून्य आहे का बघावं आणि असेल तर उताऱ्याची जागा कोरी सोडावी. बारावीला कॉम्प्युटर सायन्स घेऊन ८०८५ मायक्रोप्रोसेसर पाठ केलेल्यांनी इथे उसासा टाकावा. त्या चिपमध्ये भागाकाराची सूचनाच नव्हती, त्यामुळे शून्याने भागण्याचं पाप तिच्या हातून कधी घडलं नाही.

तेव्हा एररचा आकडा यंत्र कुठे पडलं ते सांगतो. ढकललं कोणी, ते सांगत नाही. याचा सर्वांत नमुनेदार पुरावा टर्बो पास्कलचा एरर २००. त्याचाही अर्थ शून्याने भागाकार. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात जगभरचे जुने, वर्षानुवर्षं नीट चाललेले प्रोग्रॅम नव्या पेंटियमवर सुरू होताक्षणी हा एरर देऊ लागले. लोकांनी कोडमध्ये शून्य शोधलं. शून्य नव्हतंच. पास्कलचं ‘सीआरटी’ युनिट सुरुवातीला मशीनचा वेग मोजायचं : घड्याळाच्या एका ठोक्यात, म्हणजे सुमारे ५५ मिलिसेकंदांत, रिकामे फेरे किती होतात ते मोजायचं आणि त्याला ५५ ने भागायचं. मशीन इतकं जलद झालं की भागाकाराचं उत्तर १६ बिटांत बसेना. प्रोसेसरने भागाकाराची तक्रार केली आणि पास्कलने ती शून्याच्या नावावर नोंदवली. कॉम्प्युटर जास्त चांगला आहे, हीच चूक! अशी आपत्ती यायला आधी नवा कॉम्प्युटर घ्यावा लागतो. त्या बाबतीत आमच्याकडे पुरेशी खबरदारी बाळगली जाते.

परत मिलच्या मॅक्रोकडे. एरर १३ म्हणजे आकड्याच्या जागी भलतंच. धानातला ओलावा १७ टक्क्यांच्या वर चालत नाही, म्हणून मुनीमजी त्या रकान्यात ‘१७ च्या आसपास’ असं लिहितात. हिशेबाच्या दृष्टीने हे प्रामाणिक आहे. मॅक्रोला प्रामाणिकपणा कळत नाही. (पायथनला देवनागरी अंकांतलं ‘१७’ आकडा म्हणून चालतं, जावास्क्रिप्ट त्यालाही आकडा मानत नाही. ‘आसपास’ मात्र दोघांनाही चालत नाही.) एरर ९ आला तर शीटचं नाव बघावं. ‘धान’ आणि ‘धान’नंतर स्पेस ही दोन निरनिराळी नावं आहेत आणि ती स्पेस डोळ्यांना दिसत नाही.

एरर ९१ ला जरा वेळ द्यावा. मॅक्रो यादीत शेतकऱ्याचं नाव शोधतो आणि त्याच्या ओळीतून वजन उचलतो. नाव सापडलं नाही तर शोधाच्या हाती ‘नथिंग’ लागतं. मग ‘नथिंग’ची ओळ कितवी, असं विचारलं की ९१. आता आमच्याकडे रहांगडाले हे आडनाव एका कागदावर रहांगडाले असतं, दुसऱ्यावर राहांगडाले, तिसऱ्यावर रहांगडालेजी. सातबाऱ्यावर एक, आधारवर एक आणि पासबुकावर इंग्रजीतून आलेलं तिसरंच. माणूस समोर खुर्चीत बसून चहा पितोय आणि कॉम्प्युटर म्हणतो, असा कोणी नाही. उपाय : शोधून झाल्यावर ‘नथिंग’ आहे का ते आधी विचारावं, आणि शेतकऱ्याला नावाऐवजी नंबराने ओळखावं. नंबराला ऱ्हस्व-दीर्घ नसतं.

एरर १००४ विषयी फारसं बोलण्यासारखं नाही. त्यासोबतच्या वाक्याचा मथितार्थ इतकाच, की एरर आला आहे. पिवळी ओळ बघावी.

गावातली जी पोरं नागपूर-पुण्याच्या कॉलेजांतून स्पर्धेची कोडं सोडवतात, त्यांच्यासाठी निराळं प्रकरण आहे. मुंबईच्या डिरेक्टीने २००९ साली कोडशेफ सुरू केलं. तिथे सबमिट केलेला प्रोग्रॅम पडला की पिवळी ओळ वगैरे काही मिळत नाही, नुसता ‘रनटाइम एरर’ आणि त्यापुढे ‘सिगसेग्व्ह’ नाहीतर ‘एनझेडईसी’. पहिल्याचा अर्थ, आपली नसलेली मेमरी चाचपली. बहुधा अ‍ॅरेची शेवटची जागा एन समजलात, ती एन वजा एक असते. हाच प्रोग्रॅम घरच्या लिनक्सवर पडला तर १३९ हा आकडा दिसतो. तो गूढ नाही : १२८ मध्ये सिग्नलचा नंबर ११ मिळवलेला असतो. ‘एनझेडईसी’चा अर्थ, प्रोग्रॅमने जाताना शून्य दिलं नाही. लिनक्सवर शून्य म्हणजे सगळं क्षेम, बाकी प्रत्येक आकडा म्हणजे काहीतरी बिनसलं. पायथनमध्ये हे बहुतेक वेळा इनपुट वाचतानाच होतं, एखादी रिकामी ओळ आकडा समजून वाचल्याने. अल्गोरिदम बदलायच्या आधी तेवढं बघावं.

शेवटी त्या रामबाण उपायाकडे वळू, ज्याच्यामुळे ही मार्गदर्शिका अनावश्यक ठरते. मॅक्रोच्या माथ्यावर ‘ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट’ ही एक ओळ लिहावी. त्यानंतर एकही चौकोन येत नाही. ओळ अडली की व्हीबीए ती सोडते आणि पुढच्या ओळीवर जाते. मुनीमजी खूश, शेठजी खूश, पुण्याचा फोन थंड. पोळ्याच्या दिवशी उताऱ्याचा भागाकार अडतो, म्हणून नवं उत्तर लिहिलं जात नाही आणि पेटीत आदल्या दिवशीचा आकडा तसाच राहतो. मग छापील अहवालात बंद मिलचा उतारा येतो ६७ टक्के. सरकारला हवा तेवढाच, शून्य धानातून. न सापडलेल्या रहांगडालेंच्या नावावर त्यांच्या वरच्या शेतकऱ्याचं वजन चढतं. ते पैसे मागायला येतात तेव्हा मिलमध्ये जो आवाज होतो, तो कोणत्याही चौकोनात मावत नाही.

ही ओळ काढायची असेल तर पाऊस सुरू असताना, भरडाई थंडावली की काढावी. ऐन डिसेंबरात काढू नये, कारण वर्षभर गिळलेले सगळे चौकोन एकाच दुपारी बाहेर येतात. तत्पूर्वी फाइलची एक प्रत पेनड्राइव्हवर करून ठेवावी. प्रत करणाऱ्या मॅक्रोनेच एरर ७६ दाखवला, तर त्याचा अर्थ सांगितलेला फोल्डर त्या जागी नाही. घाबरू नये, पेनड्राइव्ह मुनीमजींच्या खिशात आहे.