मठातला पंचनामा

खुनाचा उलगडा करणारा चित्रपट आणि त्याचा प्रेक्षक यांच्यात एक अलिखित करार झालेला असतो. प्रेक्षकाने दोन तास आपल्या शंका तहकूब ठेवाव्यात आणि चित्रपटाने अखेरीस त्यांचे सव्याज निरसन करावे, असा त्याचा मसुदा असून आमच्यासारखी पापभीरू माणसे तो निमूटपणे पाळतात. आमचे एक वकील स्नेही मात्र त्याला अपवाद आहेत. जन्मभर फौजदारी दाव्यांत उलटतपासणी करीत आल्यामुळे पडद्यावर प्रेत पडले, की इतर प्रेक्षक प्रेताकडे पाहतात आणि हे गृहस्थ पंचनामा कोण करतो ते पाहतात. त्यांच्या शेजारी बसून जाँ-जाक आनो यांचा १९८६ सालचा 'द नेम ऑफ द रोज' हा चित्रपट पाहण्याचा योग आला आणि या चित्रपटावरील माझ्या निर्भेळ प्रेमात मिठाचा खडा पडला.

उंबेर्तो एको यांच्या १९८० सालच्या कादंबरीची मूळ अक्षरे खरवडून त्याच चर्मपत्रावर आपण नवा मजकूर लिहिला आहे, अशी नम्र कबुली हा चित्रपट श्रेयनामावलीतच देतो. ते खरवडणे चालू असताना दोनचार कारणेही खरवडली गेली असावीत, असा संशय पुढे बळावत जातो. काळ १३२७चा, स्थळ उत्तर इटलीतील डोंगरावरचा एक बेनेडिक्टाइन मठ. येशू ख्रिस्त हा आपल्या अंगावरील वस्त्रांचा मालक होता किंवा नव्हता, या गहन प्रश्नाचा निकाल लावण्यासाठी तेथे फ्रान्सिस्कन संन्यासी आणि पोपचे प्रतिनिधी जमावयाचे असतात. आणि ऐन त्याच सुमारास पोथ्यांत चित्रे रंगविणारा अडेल्मो हा तरुण साधू मनोऱ्याच्या पायथ्याशी मरून पडलेला आढळतो. मठाधिपतींच्या विनंतीवरून बास्करव्हिलचा विल्यम, म्हणजे प्रत्यक्षात शॉन कॉनरी, आड्सो नामक कोवळ्या शिष्यासह तपास हाती घेतो.

या तपासाविषयीच आमच्या स्नेह्यांची पहिली हरकत होती. विल्यम मठात पाऊल ठेवतो तेव्हा प्रेत एक असते. त्यानंतर ग्रीक भाषेचा पंडित वेनांशियस, उपग्रंथपाल बेरेंगार, वैद्य सेवेरिनस, ग्रंथपाल मलाखी आणि सरतेशेवटी आंधळा वृद्ध होर्हे असे आणखी पाच जण क्रमाक्रमाने कैलासवासी होतात आणि मुद्देमालासकट सारे ग्रंथालय भस्मसात होते. "अहो, ज्या अंमलदाराच्या कारकीर्दीत एकाची सहा प्रेते झाली आणि वर दप्तरखाना जळाला, त्याच्या बुद्धिमत्तेचे कौतुक कसले करता? त्याची खातेनिहाय चौकशी व्हायला हवी," असे ते म्हणाले. सेवेरिनसचे प्रकरण तर त्यांना मुळीच सोसवले नाही. ज्या ग्रीक ग्रंथासाठी माणसे मरत आहेत तो आपल्या औषधालयात सापडल्याची खबर बिचारा वैद्य धावत येऊन देतो. आणि आमचा चतुर तपासनीस त्याला दार लावून आत बसावयास सांगून स्वतः ख्रिस्ताच्या वस्त्रांच्या मालकीहक्काकडे वळतो. वाद संपण्यापूर्वीच वैद्याच्या मस्तकावर ग्रहगोलांचे अवजड यंत्र आदळलेले असते.

बेरेंगारच्या वर्तनाची संगती लावणे त्याहूनही बिकट आहे. लेखनशाळेत रात्री वाचता वाचता एक विद्वान मरून पडला, तर सकाळी तो लेखनशाळेत सापडण्यासारखे स्वाभाविक दुसरे काय असू शकेल? पण चौकशी झाल्यास आपली गुपिते बाहेर पडतील या धास्तीने हा स्थूलकाय गृहस्थ ते प्रेत बर्फातून ओढत नेतो आणि डुकरांच्या रक्ताने भरलेल्या रांजणात डोके खाली व पाय वर अशा अवस्थेत उभे करून ठेवतो. संशय येऊ नये म्हणून योजलेला याहून संशयास्पद उपाय मला तरी चित्रपटसृष्टीत अन्यत्र आढळलेला नाही.

आता खुद्द शस्त्राकडे वळू. हे शस्त्र म्हणजे ग्रंथाच्या पानांना लावलेले विष. पान उलटण्यासाठी वाचक बोट जिभेला लावतो, विष पोटात जाते, आणि जीभ व बोट काळे पडून तो मरतो. "म्हणजे थुंकी न लावता पाने उलटणारा सभ्य वाचक निर्दोष सुटला!" असे म्हणून स्नेह्यांनी मांडीवर थाप मारली. तलाठ्याच्या दप्तरापासून बँकेच्या रोकडखिडकीपर्यंत बोट ओले केल्याविना एकही कागद पुढे सरकत नाही, अशा प्रांतात आयुष्य गेल्यामुळे मला हा सापळा अचूक वाटला होता. परंतु डोळ्यांनी अंध असलेल्या होर्हेने एवढी पाने विषाने माखली आणि स्वतःच्या जिभेस त्याचा स्पर्शही होऊ दिला नाही, याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते.

धर्मन्यायाधीश बेर्नार्दो गुई मठात येतो तेव्हा मात्र आमचे स्नेही सरसावून बसले. एक काळे मांजर आणि एक कोंबडा एवढ्या मुद्देमालावर चेटूक शाबीत करून दोन साधू आणि एक दरिद्री खेडवळ मुलगी यांना चितेवर चढविण्याचा हुकूम देणारा न्यायाधीश त्यांनीही कधी पाहिला नव्हता. कादंबरीतील मुलीची या हुकुमातून सुटका नाही; चित्रपटाने कनवाळूपणाने तिला वाचविले आहे आणि संतप्त गावकऱ्यांकरवी गुईची गाडी कड्यावरून ढकलून दिली आहे. इतिहासातला खरा गुई हा त्यानंतर चार वर्षे बिशपपद उपभोगून १३३१ साली वारला, हे मी सांगितले. पण या एका तपशिलावर हरकत घेण्याचे वकीलसाहेबांनी साफ नाकारले.

सर्वांत मोठे भगदाड मात्र होर्हेच्या कपाटातच आहे. हा सारा संहार ज्यापायी घडतो तो ग्रंथ म्हणजे अरिस्टॉटलच्या काव्यशास्त्राचा लुप्त झालेला दुसरा भाग. त्याचा विषय सुखात्मिका आणि हास्य. हास्याने भय मरते आणि भयावाचून श्रद्धा टिकत नाही, असे होर्हेचे प्रामाणिक मत असते. उंदराला भिऊन बेरेंगार किंचाळतो आणि लेखनशाळा खुदकन हसते, एवढ्यावरही हा वृद्ध कडाडतो. ठीक आहे, मग ही एकुलती एक प्रत त्याने पाकशाळेच्या चुलीत का टाकली नाही? विष, चक्रव्यूहासारखे ग्रंथालय, गुप्त दालन, एवढा खटाटोप कशासाठी?

माझे उत्तर असे की होर्हे हा पुस्तकाचा शत्रू असण्यापूर्वी पुस्तकांचा राखणदार आहे. अर्जेंटिनाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे १९५५ साली संचालक झालेले अंध साहित्यिक होर्हे लुईस बोर्हेस यांच्यावरून एकोंनी त्याचे नाव बेतले, ते उगीच नव्हे. दप्तर सांभाळणाऱ्याचा धर्म कोणत्याही देशात दोन कलमांचाच असतो: कागद नष्ट होता कामा नये, आणि मागणाऱ्याला मिळताही कामा नये. विषारी पाने हा त्या दोन्ही कलमांचा एकसमयावच्छेदेकरून सांभाळ होता. आणि अखेर विल्यमने गाठल्यावर होर्हे ती पाने स्वतःच चघळून गिळू लागतो, तेव्हाही तो एक प्रकारे ग्रंथ आत जमाच करून घेत असतो.

स्नेह्यांनी हे उत्तर दाखल करून घेतले, पण निकाल होर्हेविरुद्धच दिला. त्यांच्या मते त्याचा खरा गुन्हा अज्ञान हा होता. त्या काळी पॅरिस, बोलोन्या, ऑक्सफर्ड येथे विद्यापीठे नांदत होती आणि अरिस्टॉटल तेथे मोठ्या निष्ठेने शिकविला जात होता. हास्याचा समूळ नायनाटच करावयाचा होता, तर विषावर पैसा न घालविता तो ग्रंथ एका चांगल्याशा भाष्यासह पॅरिसला पाठवावयाचा आणि परीक्षेस नेमवून घ्यावयाचा होता. विनोदाचे प्रकार सोदाहरण स्पष्ट करीत विद्यार्थ्यांच्या दोन पिढ्या सरल्या असत्या, कोणाची जीभही काळी पडली नसती, आणि युरोपात पुढील पाचशे वर्षे अरिस्टॉटलचे नाव काढताच सर्वांचे चेहरे होर्हेला हवे होते तितके गंभीर झाले असते.