चाकोरीबाहेरचं तिसरं चाक

आमच्या समुद्रपुरात समुद्र नाही. पाहुणे दर लग्नात हा विनोद नव्यानं शोधून काढतात आणि आम्ही दर लग्नात नव्यानं हसतो. पण दर्याशी नातं सांगणारी एक वस्तू आमच्या गोठ्यात आहे : काकांचा तीनचाकी टेम्पो. त्याचं मूळ नाव ‘हॅन्सीट’, म्हणजे हॅम्बुर्गसारख्या बंदरातला व्यापारी नागरिक. हॅम्बुर्गच्या विडाल कंपनीनं ‘टेम्पो’ या छापाखाली तो बनवला, १९५८ साली निघालेल्या बजाज टेम्पोनं तो आपल्याकडे आणला, आणि मराठी माणसानं तो शब्द असा काही जवळ केला की पुढे चार चाकं आली तरी टेम्पो टेम्पोच राहिला. कंपनीनं २००५ मध्ये आपलं नाव फोर्स मोटर्स केलं. आम्ही आमच्या तोंडातलं काही बदललं नाही.

या गाडीत दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन पुढच्या एकुलत्या चाकाला जुंपलेलं आहे. ओढायचं त्यानंच, वळायचंही त्यानंच. थोरल्या सुनेसारखं. मागची दोन चाकं जावयासारखी नुसती मागून येतात.

पुण्याचा पुतण्या दिवाळीला आला आणि म्हणाला, “ही तर व्हिंटेज ऑफ-रोडर आहे!” आम्ही विचारात पडलो. ऑफ व्हायला आधी रोड लागतो. आमच्या शेताला जाते ती पांदण. पावसाळ्यात तिची काळी माती फुगते, चाकाला चिकटते आणि प्रत्येक फेरीला एकरभर शेत गावात आणते. पांदणीत बैलबंडीच्या दोन खोल चाकोऱ्या असतात. टेम्पोची मागची चाकं त्यांत बरोबर बसतात, पण पुढचं चाक मधल्या उंचवट्यावरून, बैलांच्या पायवाटेनं चालतं. जन्मभर चाकोरीतून चाललेल्या काकांनी आयुष्यात एकच चाकोरीबाहेरचं काम केलं, ते हे चाक.

गेल्या आषाढात गाडी गोठ्यात उभी राहिली ती दसऱ्यापर्यंत. तेवढ्यात उंदरांनी वायरिंग खाल्लं. पोळ्याला बैलांबरोबर टेम्पोलाही हळदकुंकू लावलं, तेव्हा बॉनेटमधून एक उंदीर बाहेर आला आणि यजमानासारखा आमच्याकडे पाहून परत आत गेला. मग वायरमनला बोलावणं झालं. त्यानं चार दिवस बसून नवं वायरिंग ओढलं, अर्थिंग घासून पक्कं केलं, हॉर्नही वाजता केला. हा हॉर्न काकांच्या तारुण्यानंतर प्रथमच वाजला. काकू आतून म्हणाल्या, “कोन मेलं?”

गाडी एका झटक्यात सुरू झाली. आवाज गोड, धूर निळा, गोठाभर टू-स्ट्रोकचा तो जुना वास. काका बसस्टँडपर्यंत गेले. परत येताना ती धापा टाकू लागली, आचके दिले आणि बंद पडली. दहा मिनिटांनी पुन्हा सुरू झाली, तीनेक किलोमीटर पळाली आणि पुन्हा तेच. वर्धा जिल्हा दारूबंदीचा. इथे गाडी डुलत, झटके देत चालली की लोक आधी ड्रायव्हरचं तोंड पाहतात. काकांनी साठ वर्षांत कमावलेली अब्रू त्या आठवड्यात थोडी थोडी सांडली.

दोष कुणाचा, यावर मतभेद नव्हते. वायरिंगला हात लागला आणि गाडी बिघडली. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली की आपण कावळ्याची चौकशी करतो, फांदी कुणी पाहत नाही. काकांनी वायरमनशी बोलणं सोडलं. गावानं सल्ला देणं सुरू केलं.

पहिला मिस्त्री म्हणाला, कॉइल गरम होऊन करंट सोडते आणि थंड झाली की धरते. म्हणणं पटण्यासारखं होतं, कारण जुन्या कॉइलला ही खोड असतेच. कॉइल बदलली. दुसऱ्याच्या मते कंडेन्सर गेला होता. तो गेला की पॉइंटवर ठिणग्या उडतात आणि प्लगपर्यंत जोर पोचत नाही. कंडेन्सर बदलला. तिसऱ्यानं पॉइंटचं अंतर ०.४ मिलिमीटर करून दिलं आणि प्लगच्या फटीत करवतीचं पातं घालून तीही जुळवली. चौथा काही न बदलता चहा पिऊन गेला. खर्चाच्या हिशेबात तोच सर्वांत चांगला निघाला.

गाडी मात्र तीन किलोमीटरचा नेम चुकवेना.

शेवटी मी काकांच्या नकळत वायरमनच्या घरी गेलो. तो शांतपणे म्हणाला, “हे पाहा भाऊ, करंट गेला तं गाडी दिव्यावानी फटकन इझते. तुमची गाडी आचके देऊन देऊन मरून रायली. हे पेट्रोलचं दुखनं हाये. बंद पडली का प्लग काढून पाहा. कोरडा असन, तं मले कायले शिव्या देता जी?”

प्लग काढला. कोरडा ठणठणीत. कार्बोरेटर खोलला, जेट फुंकला, फ्लोट हलवून पाहिला. सगळं स्वच्छ. टाकी रिकामी नव्हती, हे तर आम्हाला पक्कं माहीत होतं. या गाडीला पेट्रोलचा काटा नाही. बंद पडली की काका टाकीचं झाकण उघडतात, पऱ्हाटीची काडी बुडवतात, ती किती ओली झाली ते पाहतात आणि समाधानानं म्हणतात, “हाये.” झाकण उघडताना टाकीतून ‘स्स्’ असा आवाज येई. त्याला आम्ही म्हातारीचा उसासा म्हणत असू.

एका रविवारी चढावर परीक्षा घ्यावी म्हणून गिरडला निघालो. तिथे टेकडीवर शेख फरीद बाबांचा दर्गा आहे आणि टेकडीवर सुपारी-जायफळासारखे गोल दगड सापडतात. बाबांची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचा माल दगड झाला, अशी कथा सांगतात. वाटेत गाडी पाच वेळा दगड झाली. पाचही वेळा काका उतरले, झाकण उघडलं, काडी बुडवली, “हाये” म्हणाले आणि गाडी सुरू झाली. पाचव्यांदा काका आकाशाकडे पाहून म्हणाले, “आपन कोनाची थट्टा केली बावा?”

उत्तर घरी, स्वयंपाकघरात मिळालं. काकू तेलाचा नवा डबा फोडत होत्या. त्यांनी एका कोपऱ्याला खिळा ठोकला, डबा तिरपा केला. तेल ‘भक्-भक्’ करत आलं, थबकलं आणि धार बंद. त्यांनी समोरच्या कोपऱ्याला दुसरा खिळा ठोकला. सरळ, अखंड धार.

मी उगाच विचारलं, “दोन भोकं कशाला?”

“काहून? डब्याले श्वास नको का घ्याले?”

मी तसाच गोठ्याकडे धावलो. टाकीच्या झाकणाला हवेसाठी एक बारीक छिद्र असतं. पेट्रोल खाली उतरतं तशी त्यातून हवा आत शिरते. ते बुजलं की टाकीत पोकळी तयार होते, धार आटते आणि इंजिन उपाशी मरतं. कुणी झाकण उघडलं की ‘स्स्’ करून हवा आत जाते आणि गाडी जिवंत होते. म्हणजे तीन आठवडे आमची गाडी काका दुरुस्त करत होते, पऱ्हाटीच्या काडीनं, दर तीन किलोमीटरला, आणि शिव्या वायरमनला देत होते.

छिद्रावर मातीचा गोळा होता. कुंभारीण माशीचं घर. गाडी गोठ्यात उभी होती त्या महिन्यांत तिनं ते बांधलं असणार. सगळ्यांनी तो गोळा पाहिला होता आणि कुणालाच काही वाटलं नव्हतं. पांदणीच्या गाडीला माती नाही लागणार तर काय अत्तर लागणार? मी घर फोडलं. आत माशीनं पिल्लांसाठी भरून ठेवलेले कोळी होते. काकूंच्या सेफ्टी पिननं छिद्र मोकळं केलं. गाडी न थांबता जामच्या चौकापर्यंत गेली. थांबायची सवय असल्यानं काका मात्र वाटेत तीनदा उतरले.

संध्याकाळी काका पेढे घेऊन वायरमनकडे गेले. मीही होतो. काकांना माफी मागता येत नाही. ते सारखा हवापाण्याचा विषय काढत होते. वायरमननं पेढा तोंडात टाकला आणि म्हणाला, “जाऊ द्या जी. आमच्या धंद्यात असंच असते. शेवटचा हात ज्याचा, पाप त्याचं.”

सेफ्टी पिन आता गाडीच्या किल्लीला अडकवलेली असते. काल सकाळी काका सीटवर बसले तर एक कुंभारीण नव्या वायरिंगपाशी घिरट्या घालत होती. काकांनी हॉर्न वाजवला. आतून काकू म्हणाल्या, “आता कोन मेलं?”