काकूंची वही

"पेपरात उमेदवारांची मालमत्ता वाचलीस का गं? साताऱ्याचीही आणि आपल्या सांगलीचीही. सोनं किती, शेत किती, बायकोच्या नावावर काय, सगळं शपथेवर!"

"द्यावंच लागतं त्यांना काकू, सुप्रीम कोर्टाच्या 2002 च्या निकालापासून. पण लोक मिळकतीचा आकडा वाचतात नि देण्याचा सोडतात."

"आम्ही नाही सोडला. रात्री ह्यांनी वही काढली, म्हणाले, आपलंही बघू." काकूंनी धुण्याची बादली खाली ठेवली, म्हणजे अर्ध्या तासाची निश्चिंती. "हे घर 60 लाख. गाडी 7."

"सहा वर्षं वापरलेली गाडी 7 लाखांना कोण घेणार?"

"तेच म्हटलं मी! सोनं 20 तोळे, त्यातलं 6 तारण. पतसंस्थेत ठेव 8 लाख."

"तारणाचं कर्ज वजा केलंत ना? आणि ती ठेव डोळे झाकून धरू नका. 2020 साली कराड जनता बँकेचा परवाना गेला, तेव्हा ठेवीदारांना 5 लाखांपर्यंत विम्याचा आधार होता. पतसंस्थेला तो विमाच नाही."

"अगं बाई! बरं, मागच्या गल्लीतला बंगला बघ. दारात दोन गाड्या, दोन्ही हप्त्यावर. त्यांची वही काढली तर उणेच येईल." हे मात्र कुंपणावर वाकून, हळू आवाजात.

"नि गावची जमीन?"

"तिथंच तर गंमत. पलूसची अडीच एकर, उसाची. ह्यांनी एकरी 25 लाख लावून बेरीज केलीसुद्धा. मग लेकानं मोबाइलवर सातबारा काढला. मामंजींच्या मागं नावं पाच: सासूबाई, हे, धाकटे दीर नि दोन्ही नणंदा. अडीच एकराची झाली अर्धी! आणि सोसायटीच्या पीककर्जाचा बोजा? तो ह्यांच्या एकट्याच्या नावचा."

"मग काय ठरलं?"

"नणंदा राखीला आल्या की हक्कसोड मागायची. एकेक पैठणी द्यायची. देतील गं, मी नाही का दिली माहेरी, कोरेगावला? वडील गेल्यावर भावानं कागद पुढं केला, मी सही केली."

"कुठं केलीत? दुय्यम निबंधकाकडे?"

"छे! माजघरात. चहा घेता घेता."

"काकू, घरच्या कागदावरच्या सहीनं जमिनीवरचा हक्क सुटत नाही. हक्कसोडपत्र रीतसर नोंदवावं लागतं. मुलीचा वाटा मुलाइतकाच असतो. तुमचा तिथं उभाच असेल."

"म्हणजे साताऱ्याकडं मीच नणंद की गं!" काकूंनी मागं वळून दाराकडं बघितलं. "ह्यांना एवढ्यात बोलू नकोस. त्यांची वही त्यांच्यापाशी. संध्याकाळी तुझा मोबाइल घेऊन ये, कोरेगावचा सातबारा काढू."