मंडळाच्या सभेला त्रयस्थाने कसे बसावे

नांदुऱ्यात विद्यार्थी मंडळाची सभा पाहायला जाणाऱ्याने मुंबईकडून रेल्वेने यावे, मलकापूर गेले की सावध व्हावे आणि जलंब यायच्या आत उतरावे. पुढचा पत्ता 105 फुटी हनुमानाच्या अलीकडे की पलीकडे, एवढाच विचारावा. सभा अकराची असेल तर साडेअकराला पोहोचावे. वेळेवर जाणाऱ्याच्या हाती सतरंजीचे एक टोक येते.

वही उघडी धरू नये. अनोळखी माणूस काही टिपून घेतो आहे असे दिसले, की पहिला प्रश्न ठरलेला: “सर, तुमी नॅकचे हायेत काय?” महाविद्यालयांचे मूल्यांकन करणारी ही परिषद 1994 साली स्थापन झाली, आणि तेव्हापासून त्रयस्थाला निव्वळ त्रयस्थ राहणे अवघड झाले आहे. ‘नाही’ म्हटले तरी कोणाचा विश्वास बसत नाही. मागच्या बाकावर बसलेल्याला पुढे आणतात, पुढच्याला व्यासपीठावर नेतात आणि व्यासपीठावरच्याला बोलायला लावतात. म्हणून खांबाशेजारची जागा धरावी. अर्थात तिथूनही उठवतात.

मग प्रतिमापूजन. हा मुलूख संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाचा, तेव्हा बाबांची तसबीर बहुधा असतेच. बाबा गावात आले की आधी खराट्याने गाव झाडत आणि रात्री कीर्तन करीत. मंडळात क्रम उलटा आहे: आधी प्रास्ताविक, मनोगत, अध्यक्षीय भाषण, खराटा शेवटी, तोही फोटोपुरता. फोटो घेताना मात्र निरीक्षकाने डोळे उघडे ठेवावेत. त्याच्या तळाशी तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश उमटावे लागतात, नाहीतर तो पुरावा म्हणून चालत नाही. मोबाइल उंच धरलेला मुलगा रेंजसाठी खिडकीशी जातो आणि तोवर बारा जण खराटे हवेत धरून उभे राहतात. राष्ट्रीय सेवा योजनेतल्या स्वयंसेवकाला वर्षाला 120 तास काम करायचे असते. त्यातले किती असे उभ्याने जातात, हे कोणी विचारू नये.

सचिव कसा निवडला, हेही विचारू नये. महाविद्यालयांतल्या थेट निवडणुका 1990च्या दशकात बंद पडल्या. 2016च्या विद्यापीठ कायद्याने त्यांना पुन्हा वाट करून दिली, पण 2019 साली ठरलेल्या निवडणुका लांबणीवर पडल्या. त्यामुळे सरांनी नाव घ्यावे आणि वर्गाने टाळ्या वाजवाव्यात, ही पद्धत रुळली आहे. सचिव बहुतेक वेळा ती मुलगी असते जिचे अक्षर चांगले आहे. इतिवृत्त तीच लिहिते, आणि कधी कधी सभेच्या आदल्या दिवशीच लिहून ठेवते. यात लबाडी शोधू नये. काय होणार हे तिला खरोखरच ठाऊक असते.

एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी 1848 साली मुंबईत साहित्य आणि विज्ञानाची सभा काढली. तिथे निबंध वाचले जात, वाद होत. आणि पुढच्याच वर्षी त्या पोरांनी मुलींच्या शाळा उघडल्या, स्वतः शिकवायला गेले. इतक्या मोठ्या अपेक्षेने नांदुऱ्यात बसू नये. पण आभारप्रदर्शन झाले म्हणून लगेच उठूही नये. खरी सभा त्यानंतर, पायऱ्यांवर भरते. सर स्टाफरूमकडे वळले, की भित्तिपत्रकाला कोणाची कविता लावायची, एसटीच्या वेळेमुळे खेड्यावरच्या मुलींना तालमीला थांबता येत नाही त्याचे काय, आणि कचोरीचे पैसे कोणी दिले, यावर कडाडून भांडण होते. अध्यक्ष नसतो, विषयपत्रिका नसते, निर्णय मात्र होतो. इथे वही काढायला हरकत नाही. कोणाचेही लक्ष नसते.

जाताना हजेरीपटावर सही मागतील. हुद्द्याच्या रकान्यात ‘त्रयस्थ’ असे स्पष्ट अक्षरात लिहावे आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर ‘प्रमुख उपस्थिती’खाली आपले नाव बघावे. ते बहुधा चुकीचे छापलेले असते.