गुरुवारचे सर

मराठी वृत्तवाहिनीच्या मुंबईतील न्यूजरूममध्ये ‘सर’ या एकाच संबोधनाने ओळखले जाणारे संपादक नावाचे जे गृहस्थ आढळतात, त्यांच्या अभ्यासासाठी गुरुवार पुरेसा आहे. कारण शनिवारी सुरू होऊन शुक्रवारी संपणाऱ्या आठवड्याची प्रेक्षकसंख्या ‘बार्क’ ही मापनसंस्था पुढच्या गुरुवारी जाहीर करते आणि सरांचे नेतृत्व त्या आठवड्यात होते की नव्हते, हे त्यांना स्वतःलाही तेव्हाच कळते.

मापनाची रीत अशी, की पत्ते गुप्त ठेवलेल्या निवडक घरांत मीटर बसवलेले असतात, वाहिनीच्या आवाजात मिसळलेली, कानाला न जाणवणारी खूण ते टिपतात, आणि टीव्हीसमोर कोण बसले आहे हे घरच्यांनी आपापले बटण दाबून कळवायचे असते. आकडा चढला असेल तर सरांच्या मते ही पद्धत शास्त्रशुद्ध असते. उतरला असेल तर मीटर चुकीच्या घरांत असतात, क्रिकेटचा हंगाम असतो, किंवा केबलचालकांकडे वाहिनी पोहोचवणाऱ्या वितरण विभागाने घात केलेला असतो. आणि वितरणाचे प्रमुख बैठकीला हजर असतील, तर दोष दुपारच्या बुलेटिनच्या निर्मात्याकडे सरकतो, जो बहुधा पंचविशीतला असून भिंतीला टेकून उभा असतो.

चढत्या आठवड्यात सर शेती, पाणी आणि ‘जमिनीवरची पत्रकारिता’ यांवर बोलतात. उतरत्या आठवड्यात रनडाऊनमधून, म्हणजे बातम्यांच्या प्रसारणक्रमाच्या यादीतून, कांद्याच्या भावाची बातमी स्वहस्ते काढतात आणि विचारतात, “बिबट्या आहे का?” बिबट्या असतोच. कुठल्याशा अंगणातून पाच सेकंदांत निघून गेलेले ते जनावर सीसीटीव्हीच्या चित्रणात लाल वर्तुळासह अर्धा तास येरझाऱ्या घालते, आणि सर काचेच्या केबिनमधून शेजारच्या पडद्यावर प्रतिस्पर्धी वाहिनीचा बिबट्या आपल्यापेक्षा मोठा दिसत नाही ना, याची खात्री करून घेतात.

ऑक्टोबर 2020 मध्ये, मुंबई पोलिसांनी टीआरपीमधील गैरप्रकाराचा आरोप जाहीर केल्यानंतर, ‘बार्क’ने वृत्तवाहिन्यांचे साप्ताहिक आकडे थांबवले आणि ते थेट मार्च 2022 मध्ये पुन्हा सुरू झाले. या काळात कोणत्याही सरांना दुसऱ्या क्रमांकावर राहावे लागले नाही, मात्र गुरुवारी बैठकीत नेमके काय बोलावे, हा प्रश्न गंभीर झाला; कारण उरला होता तो विषय बातम्यांचा. (त्यावर बैठका लवकर आटोपत.)

पुनरारंभानंतरचा आकडा चार आठवड्यांच्या सरासरीचा, म्हणजे नवा आठवडा आत घेऊन सर्वांत जुना बाहेर टाकणारा असल्याने एकट्या बिबट्याला श्रेय देणे अवघड झाले आहे. नुकतेच रुजू झालेले सर मात्र या गणितात लवकरच तरबेज होतात: सरासरी घसरली तर जुने तीन आठवडे आधीच्या सरांचे असतात, वाढली तर चारही आपले, आणि आधीचे सर तोवर समोरच्या वाहिनीत रुजू होऊन नेमकी हीच विभागणी तेथील व्यवस्थापनाला समजावून सांगत असतात.