बंपरवरचं वजन

ऊसतोडीच्या हंगामात कोल्हापूर-सांगलीकडे दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या बंपरवर दोघं-तिघं बसलेले दिसले, तर ते फुकट प्रवास करतायत असं समजू नये. ते कामावर असतात. चढाला ट्रॅक्टरचं तोंड उचलू नये म्हणून त्यांची नेमणूक झालेली असते. या पदाला शिक्षणाची अट नाही, अंगापिंडानं भरलेला असला की झालं.

रिवाज जुनाच. कुळव खोल जावा म्हणून त्यावर दगड ठेवायचे, दगड नसला तर घरातलं पोर. बैलं गेली, ट्रॅक्टर आला, पण वजन लागलं की माणूस बसवायची खोड गेली नाही. फरक इतकाच, की कुळवावरून पोर पडलं तर ढेकळात पडायचं. बंपरवरून पडलेला माणूस थेट चाकाखाली जातो, आणि तिथं हसण्यासारखं काही उरत नाही.

खरं तर हे काम बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं. मागची चाकं ओढायला लागली की ट्रॅक्टर पुढून हलका होतो, आणि ओढ जितकी उंचावरून तितकं तोंड वर. साखळी खालचा ड्रॉबार सोडून वर टॉपलिंकच्या जागी अडकवली, तर ट्रॅक्टर मागं उलटायला क्षणही लागत नाही. एकूण वजनाचा निदान पाचवा हिस्सा पुढच्या चाकांवर हवा. नाहीतर स्टिअरिंग फिरतं, ट्रॅक्टर सरळच जातो. म्हणून पुढं बिडाच्या प्लेटा, मागच्या चाकांना बिडाची वजनं.

पण बीड विकत घ्यावं लागतं आणि पाणी विहिरीत आहेच. मग तेच चाकात भरायचं : चाक जॅकवर घ्यायचं, वॉल्व्ह वरच्या अंगाला आणायचा, पिन काढून पाइप लावायचा, मधूनमधून हवा सोडायची. पाणी वॉल्व्हपर्यंत आलं की चाक पाऊण भरलं, वेगळं माप नको. मागच्या एका चाकात दीड-दोनशे लिटर सहज मावतं. या सुधारणेचा एकमेव विरोधक म्हणजे गावातला पंक्चरवाला, कारण बाभळीचा काटा उपसला की कारंजं त्याच्याच तोंडावर उडतं. थंड मुलखात साधं पाणी गोठतं म्हणून त्यात कॅल्शियम क्लोराइड कालवतात; अमेरिकेत तर शुगरबीटचा रसही भरतात. ही बातमी आपल्या कारखान्यांच्या कानावर न गेलेली बरी, मळीचा भाव वाढायचा.

वजन नेमकं किती, हे रानच सांगतं. नांगरताना चाक दहा-पंधरा टक्के घसरलेलं चालतं. घरातले आबा काठी टेकत येतात, वाकून चाकाची खूण बघतात. नक्षी साच्यातून काढल्यासारखी ठाशीव उठली तर वजन जास्त : डिझेल जळतं, काळी माती दबते. नक्षी पार पुसली गेली तर वजन कमी. कडा स्पष्ट आणि मध्ये जरा फरकटलेली दिसली, की आबा काही न बोलता चहाला जातात.

परवा नक्षी फारच ठाशीव निघाली.

"दोन प्लेटा काढ रे."

"बोल्ट गंजल्यात, आबा."

प्लेटा राहिल्या. तोच ट्रॅक्टर भाताच्या चिखलणीला गेला आणि खाचरात आसापर्यंत रुतला. ओढायला शेजाऱ्याचा ट्रॅक्टर आणला. त्यानं तासाचे पैसे घेतले, डिझेल वेगळं लावलं आणि प्लेटा कुठल्या दुकानातून घेतल्या तेही विचारून घेतलं.